भगवानभाऊंची शिट्टी

रविवार, संध्याकाळ. स्थळ: डोणगावचे वाचनालय. हजर: किसन पाटील, दुकानदार देविदास, भगवानभाऊ आणि चिटणीस म्हणून मी, शाळेचा मास्तर. विषय: एस.टी.चा थांबा बाजारात असावा की शाळेपाशी.

भगवानभाऊंच्या गळ्यात कायम शिट्टी असते. तरुणपणी ते जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच होते. आखाडा सुटला, शिट्टी सुटली नाही. आता ते आमच्या वादांचे पंच आहेत. त्यांना कोणी नेमलेले नाही.

"तुह्या बापानं तरी कधी एस.टी. पाह्यली होती का बे?" देविदास किसनला म्हणाला.

फुर्रर्र! "धोबीपछाड! मुद्दा थांब्याचा, अन् तू बाप काढला. मांगं सरक."

"पन सारं गाव बजारातच म्हन्ते."

फुर्रर्र! "सारं गाव? चार नावं सांग."

त्यांच्यामुळे आमच्या बैठका वेळेत संपतात, हे मान्य केले पाहिजे. लग्नाची बोलणी असली की मात्र लोक त्यांना कळूच देत नाहीत.

त्या दिवशी किसन शाळेपाशीच थांबा मागत होता. "माह्या मायले बजारापर्यंत चालवत नाही हो," म्हणून त्याने खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावला.

देविदास ओरडला, "भाऊ, वाजवा! रडून दाखवून राह्यला. डाव हाये!"

भाऊंनी शिट्टी ओठांना लावली. तशीच खाली घेतली आणि ते उठून बाहेर गेले. अनवाणीच. मी त्यांच्या वहाणा घेऊन मागे गेलो. ते पायरीवर बसले होते.

"गुरुजी, मांगच्या आखाजीच्या सनाले आमची शांता खामगावहून माहेरी आली होती. म्हने, बाबा, मले सासरी परत धाडू नका. रडे लेकरू. अन् मी वाजवली."

"शिट्टी?"

"हाव. म्हटलं, रडनं हा डाव हाये, मुद्दा सांग. तं हासली, गुरुजी. तोंड धुतलं अन् सकाळच्या गाडीत बसली. यंदाच्या आखाजीले आलीच नाही."

"मग जाऊन घेऊन या तिला."

"जाऊन काय बोलू?"

"काही बोलू नका. ती सांगेल ते ऐका. मी येतो सोबत."

त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली.

गुरुवारी भाऊ धुतलेले धोतर नेसून, शांतेच्या आवडीच्या कुरडयांची पिशवी घेऊन फाट्यावर हजर. गाडी आली. मी चढलो. ते दांडा धरून खालीच उभे.

"गुरुजी, ती पुन्हा हासली तं?"

कंडक्टरने घंटी ओढली, तेव्हा मीच खाली उतरलो.

थांब्याचा अर्ज दिला. दोन्ही जागा लिहिल्या. किसनच्या आईला वैद्याकडे नेऊन आणले. शिट्टी माझ्या खणात आहे. कुरडया भाऊंच्या घरी खुंटीला आहेत. खामगावला जायचे राहिले आहे.