घंटा होईपर्यंत गप्प

वर्ग कसा ताब्यात ठेवायचा हे मला उपजतच येतं, असं माझं ठाम मत होतं. शिकाऊ शिक्षक म्हणून चौथीच्या वर्गावर गेलो आणि हे मत मी थेट माझ्या मार्गदर्शक बाईंनाच ऐकवलं.

कारण बाईंच्या वर्गात नुसता कल्ला! त्या फळ्यावर कोळी काढतायत, पोरं "बाई, एक पाय राहिला" म्हणून ओरडतायत, दोघीजणी खिडकीपाशी उभ्या राहून भांडतायत आणि बाई आपल्या मजेत.

"बाई, जरा शिस्त लावू का?" मी नम्रपणे विचारलं. म्हणजे मला तरी तो नम्रपणाच वाटला.

"लावा की. पण पोरं बोललीच नाहीत, तर त्यांना काय कळलं नाही ते मला कसं कळायचं?"

मी नुसता हसलो. जुन्या वळणाच्या बाई, म्हटलं जाऊ दे.

माझी पद्धत सोपी होती. मी दोन टाळ्या वाजवल्या की सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवायचं, ते थेट घंटा होईपर्यंत. मध्ये जो बोलेल त्याचा खेळाचा तास गेला. आठवडाभर कीटक आणि कोळी हा धडा शिकवला आणि रोज तास संपत आला की हा सराव घेतला. पोरं पक्की व्हावीत म्हणून मी मुद्दाम फसवायचोसुद्धा. "बोला रे, आता चालेल," म्हणायचं आणि जो तोंड उघडेल तो बाद. शेवटी पोरं अशी तयार झाली की आलेली शिंकही परत पाठवायला लागली.

मग परीक्षक आले. पाठ पास झाला तर नोकरी, नाही तर अख्खं वर्ष पुन्हा. इकडे आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना मला 'सर' म्हणायची सक्तीही करून टाकली होती.

परीक्षक मागच्या बाकावर बाईंच्या शेजारी बसले. वर्गात कुजबुज चालू होती. म्हटलं, सुरुवातच झोकात करावी. दोन टाळ्या वाजवल्या, आणि सगळी बोटं ओठांवर. परीक्षकांनी कौतुकाने मान हलवली. मी फुगलो.

"सांगा बरं, कोळ्याला पाय किती?"

सगळे गप्प.

"बोला, बोला. आता चालेल."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हे 'आता चालेल' ती पुरतं ओळखून होती. पहिल्या बाकावरच्या चुणचुणीत पोरीने आठ बोटं दाखवली, पण लगेच घाबरून त्यातलं एक ओठांवर नेलं. राहिली सात. म्हणजे उत्तरही चुकलं.

"अरे, खरंच बोला. फसवत नाहीये मी," मी गयावया करायला लागलो. पण हेही मी बुधवारी म्हणून झालं होतं.

घंटेला अजून बराच अवकाश होता. तेवढ्यात परीक्षक उठून पुढे आले आणि त्या पोरीपाशी वाकून हळूच म्हणाले, "घाबरू नकोस बाळ. सर मारतात का तुम्हाला?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि बोट आणखी घट्ट दाबलं. तिचं पाहून सगळ्या वर्गाने दाबलं.

"अस्सं," परीक्षक म्हणाले. नोकरी तर गेलीच होती. आता पोलिसांना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो.

तोवर बाई उठल्या. "सर, जरा बाहेर या."

"बाई, पाठ चालू आहे."

"कुठे चालू आहे?" असं म्हणून त्यांनी मला कोपराला धरून बाहेर काढलं आणि आमच्या मागे दार ओढून घेतलं.

आत क्षणभर काहीच नाही. मग एक बारीक आवाज आला, "गेले का रे?" आणि वर्ग फुटला.

"मारत नाहीत हो, नुसते फसवतात!"

"आठ पाय!"

"माशीला सहाच!"

कुणीतरी कोळी होऊन बाकाखालून रांगत होतं, कुणी त्याचे पाय मोजत होतं, आणि परीक्षक चक्क हसत होते. मी दाराच्या फटीला डोळा लावून उभा होतो. खरं सांगतो, त्या कल्ल्याने मला रडूच यायचं बाकी होतं.

"शिकवलंत छान," बाई म्हणाल्या. "सगळं येतंय पोरांना."

घंटा झाली. परीक्षक विस्कटलेले केस सारखे करत बाहेर आले. "पास," ते म्हणाले. "धडा उत्तम कळलाय मुलांना."

"आणि वर्गनियंत्रण?" माझ्याच्याने राहवलं नाही.

"त्याचे पूर्ण गुण बाईंना. वर्गात ज्याला आवरायला हवं होतं, त्याला त्यांनी वेळेवर बाहेर काढलं."