घड्याळजींचा उजवा कान

"मेकॅनिक? मी जिवंत असताना?" घड्याळजी बायकोवर कडाडले. "अगं, तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमट्यात धरणारा माणूस मी! हा रिसीव्हर म्हणजे एक गलेलठ्ठ घड्याळच. तासाभरात कसा गायला लागतो बघ!"

रिसीव्हर पस्तीस वर्षांचा, लग्नानंतर दोघांनी हौसेनं घेतलेला. एकाच लाकडी पेटीत रेडिओ आणि अॅम्प्लिफायर, दोन बाजूंना दोन स्पीकर. गेला महिनाभर मात्र त्याचा आवाज फाटत होता. गाण्यात जरा खालचा सूर लागला, की उजवीकडून झर्रर्र! गाणारी बाई पत्र्याच्या डब्यात बसली आहे असं वाटायचं.

घड्याळजींनी पेटी उघडली. धूळ झाडली, बटणं पुसली, चार वेळा शिंकले. पेटी बंद करून गाणं लावलं. झर्रर्र!

"आता स्पीकरच्या वायरींची अदलाबदल! दोष रिसीव्हरचा असेल तर झरझर डावीकडे जाईल."

अदलाबदल झाली. झर्रर्र उजवीकडेच!

"सापडला चोर! उजवा स्पीकर!"

मग पोत्याएवढे दोन स्पीकर ओढत इकडचा तिकडे, तिकडचा इकडे केला. कमरेत उसण भरली. गाणं लावलं. झर्रर्र, आणि तेही उजवीकडेच!

घड्याळजी मटकन खुर्चीत बसले. पेटी ठीक, दोन्ही स्पीकर ठीक. मग उजवीकडे उरलं काय? त्यांचा हात हळूच उजव्या कानाकडे गेला.

हा कान म्हणजे त्यांचं पोटपाणी होतं. घड्याळ उजव्या कानाला लावायचं आणि न उघडता दुखणं सांगायचं, ही त्यांची ख्याती. डावा कान गिऱ्हाइकांसाठी आणि बायकोसाठी ठेवलेला. खिशातलं घड्याळ कानाला लावून बघावं, तर तेवढाही धीर होईना. त्यांनी थेट मेहुण्याला फोन लावला.

"बाबा रे, दुकान आता तूच सांभाळ. माझा कान गेला."

"अहो भावोजी!" मेहुणा घसा फोडून ओरडला. "ऐकू येतंय का मी बोलतोय ते?"

"तू एवढा ओरडतोयस म्हणून येतंय रे," घड्याळजी गहिवरले आणि त्यांनी फोन ठेवला.

आतून बायको हात पुसत आली. "कोणाचा कान गेला?"

"माझा. हे झर्रर्र माझ्या कानात होतंय."

"मलाही ऐकू येतंय की!"

"माझ्या समाधानासाठी बोलू नकोस. सत्य पचवायची ताकद आहे माझ्यात," म्हणत घड्याळजींनी डोळे टिपले.

बायकोनं कपाळावर हात मारला. "बरं, खुर्ची फिरवा. स्पीकरकडे पाठ करून बसा."

ते बसले. गाणं लागलं. झर्रर्र! या खेपेला डावीकडून!

"संपलं!" घड्याळजी किंचाळले. "आता डावाही गेला!"

"अहो, खुर्ची फिरवल्यानं कोणाचे कान जातात का? त्या कोपऱ्यातच काहीतरी वाजतंय!"

ती स्टुलावर चढली आणि त्या कोपऱ्यातल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या काचेवर तिनं बोट दाबलं. झरझर गप्प! बोट काढलं, झर्रर्र! दाबलं, गप्प!

"काच सैल आहे, खालचा सूर लागला की थरथरते. चार स्क्रूंच्या जागी एकच लावलाय."

घड्याळजींनी खिशातलं घड्याळ काढून उजव्या कानाला लावलं. टिक, टिक, टिक! असं स्वच्छ टिकटिकणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. "कान शाबूत आहे!" ते उसण विसरून नाचलेच. जीव कसा भांड्यात पडला! डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

बायको स्टुलावरून उतरली. "कान शाबूत आहे ना? मग एक सांगा. महिन्यापूर्वी हे घड्याळ दुरुस्त कोणी केलं होतं?"

घड्याळजींचा हात पुन्हा उजव्या कानाकडे गेला.

"काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल गं, ऐकू कमी येतंय!"