बेर्ताच्या कार्डाची तारीख

त्या दिवशी मी नुसतं फायलींचं कपाट आवरायला घेतलं होतं. धूळ झटकून उठले असते तर इज्जत राहिली असती.

ह्यूस्टनला आमचं पुपुसाचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. आता दुकान विकलं, बेर्ता डॅलसला नातवंडांत रमली. पण मक्याच्या भाकरीत चीज भरून ती पुपुसा थापायची, तो टपटप आवाज अजून कानात आहे. अकरा वर्षं दुकान त्या दोन हातांवर चाललं. तिच्या लेकीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो.

तर कपाटात तिच्या ग्रीनकार्डाची झेरॉक्स सापडली. मुदत गेल्याच आठवड्यात संपलेली! कामाचा परवाना संपला की मालकानं कामगाराचे कागद पुन्हा तपासायचे, एवढं मला ठाऊक होतं. (एवढंच ठाऊक होतं, तीच गोची.)

"कोमाद्रे, नवं कार्ड दाखव. तोवर तव्याला हात लावायचा नाही."

"अगं, अर्ज टाकलाय. वेळ लागतो."

"मग कार्ड आलं की ये. माझ्या दुकानाला टाळं लागायचं!"

बेर्तानं एप्रन काढला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि गेली.

नेमका रविवार. चर्च सुटलं, रांग लागली. मी थापलेल्या पुपुसांतलं चीज तव्यावरून थेट चपलेत. आमचे रोजचे गिऱ्हाईक, म्हातारे तिबुर्सिओ, म्हणाले, "चायोबाई, हे खायचं की छपराची गळती बुजवायची?" तासाभरात दुकान रिकामं.

सोमवारी चर्चमधल्या वकीलबाईंना गाठलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "कामाला लागताना तिनं ग्रीनकार्ड दाखवलं होतं ना? मग पुन्हा विचारायचंच नाही. मुदत कार्डाची संपली, तिच्या हक्काची नाही! तात्पुरत्या परवान्यावाल्यांचे कागद तपासायचे. तिथंही अमुकच कागद आण म्हणायचं नाही. दंड तुम्हालाच होईल."

तशीच बेर्ताच्या दारात गेले. तिनं साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"चुकले गं कोमाद्रे. चल कामावर."

"आत यायचं तर कागद दाखव."

"अगं, मी चायो!"

"सगळ्या असंच म्हणतात."

मुकाट्यानं लायसन्स फटीतून सरकवलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं.

"हे मार्चमध्येच संपलंय. इथवर गाडी कुणी आणली?"

"...मीच."

साखळी निघाली. बेर्तानं हसत हसत माझ्या हातातून किल्ली घेतली आणि मला मागच्या सीटवर, कांद्याच्या पोत्याशेजारी बसवलं.

दुकानासमोर तिबुर्सिओ उभेच होते. त्यांनी वाकून आत पाहिलं. "वा! आज कांदे दोन पोती आणलेत."