अखत्यारीबाहेरची पायरी

आमच्या मजल्यावरचा पॅसेज अर्धा लख्ख असतो आणि अर्धा धुळीने भरलेला. मधोमध लाद्यांची एक रेघ आहे. रेघेपलीकडचा भाग तांबेकाकांचा, अलीकडचा माझा. काका रोज सकाळी झाडू घेऊन निघतात आणि रेघेवर येऊन थांबतात. एकदा माझी दुधाची पिशवी फुटून ओघळ त्यांच्या दारापर्यंत गेला. त्यांनी आपल्या बाजूचं दूध पुसलं, माझी बेल वाजवली आणि म्हणाले, "उरलेली बाब आमच्या अखत्यारीत येत नाही. नोंद घ्यावी."

काका बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात होते. टेबल समन्वयाचं. समन्वय म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं. आलेलं काम आपलं नाही हे ठरवून ते पुढे पाठवणं, असं त्यांनी अगदी अभिमानाने सांगितलं. निवृत्त झाले तरी ते टेबल काही सुटलं नाही, घरीच घेऊन आले. हॉल त्यांचा, स्वयंपाकघर सुमनकाकूंचं. गॅसवरचं दूध वर यायला लागलं की काका खुर्चीतूनच कळवायचे, "दूध उतू जातंय, नोंद घ्यावी." गॅस बंद करायला उठायचे मात्र नाहीत. काकू रत्नागिरीकडच्या, तोंडाच्या फटकळ. "लग्नात यांनी हार घातला तेच नशीब," त्या म्हणायच्या. "नायतर म्हणाले असते, हार माझा पण मान तुझी, तूच घालून घे."

मग आमच्या सेक्टरात भागीदारी आली. राज्य सरकार आणि पालिका हातात हात घालून नागरिकांची सोय करणार होते, आणि पहिली सोय म्हणजे दवाखाना. 'संयुक्त विद्यमाने' असा भलामोठा फलक लागला. त्यावर हात जोडलेली इतकी माणसं होती की दवाखान्याचं नाव तळाशी बारीक अक्षरात गेलं. इमारत राज्याने बांधायची, रस्ता आणि फूटपाथ पालिकेने. दोघांनीही आपापलं काम केलं, खोटं कशाला बोला. फक्त इमारतीचा ओटा एका उंचीवर संपला, फूटपाथ दुसऱ्या उंचीवर, आणि मधे मातीचा पट्टा व गुडघाभर उडी राहिली. उद्घाटनाच्या दिवशी तिथे लाकडी पायऱ्या होत्या. त्या मंडपवाल्याच्या होत्या, संध्याकाळी तो घेऊन गेला.

काकूंचं दुखणं नेमकं गुडघ्याचंच. ऑपरेशन झालेलं, आणि व्यायामाचं यंत्र त्या दवाखान्यात. खंड पडला तर पाय आखडेल, मग चालणं विसरा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणजे पाय सुधारायचा, तर आधी तोच पाय गुडघाभर उचलायचा.

काका बेलापूरला जाऊन आले. ओट्याच्या बाहेरचं आमच्याकडे येत नाही, असं तिथे कळलं. पालिकेत गेले. फूटपाथच्या आतलं आमच्याकडे येत नाही, असं तिथे कळलं. परत आले तेव्हा मी पॅसेजमधेच होते. काय म्हणाले, असं मी विचारलं.

"उत्तर बरोबर आहे," काका म्हणाले. "मी त्या खुर्चीत असतो तर हेच दिलं असतं."

बोलता बोलता ते रेघ ओलांडून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी नाक्यावरून गवंडी आणला आणि त्या मातीत दोन पायऱ्या बांधून घेतल्या, बाजूला पाइपचा कठडा. सिमेंट पक्कं होईपर्यंत स्वतः बादलीने पाणी मारलं. काकू कठडा धरून चढल्या. मग हळूहळू सगळा सेक्टरच त्या पायऱ्यांवरून चढायला लागला.

चांगलं काम डोळ्यांवर यायला वेळ लागत नाही. कुणीतरी वर कळवलं. एका सकाळी पालिकेची गाडी आली आणि तिच्या मागोमाग राज्याच्या खात्याची. विनापरवाना बांधकाम म्हणे. उद्घाटनानंतर ज्यांना एकत्र कुणी पाहिलं नव्हतं ते दोघे साहेब शेजारी शेजारी उभे राहिले. फोटो झाला, पायऱ्या फुटल्या, कठडा उपटला. बांधताना जी जागा कुणाचीच नव्हती, ती तोडताना दोघांची झाली. नंतर दोघांनी टपरीवर एकत्र चहा घेतला. तो चहा आठवला की अजून माझं तोंड कडू होतं.

काका एवढंच म्हणाले, "समन्वय चांगला झाला."

काही दिवस आम्ही शेजाऱ्यांनी काकूंना खुर्चीसकट उचलून आत नेलं. मग त्यांनीच नको म्हटलं. सामानासारखं चढवता, लाज वाटते, म्हणाल्या. पाय आखडायचा तो आखडला. आता त्या बाल्कनीत बसून असतात. स्वयंपाक काका करतात. दूध उतू गेलं तर कुणाला कळवत नाहीत, गुपचूप पुसतात.

परवा सासूबाईंना बीपीच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात घेऊन गेले. बघते तर काका त्या मातीच्या पट्ट्यात उभे. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हात देऊन वर चढवत होते. रोजच येतात, दवाखाना बंद होईपर्यंत हलत नाहीत, असं वॉचमन म्हणाला. मला राहवलं नाही. काकू तर आता येत नाहीत, मग तुम्ही इथे कशाला, असं मी विचारलं.

"घरी गेलो की ती विचारते, आज कोण कोण चढलं," काका म्हणाले. "एकेकाचं नाव घेऊन सांगावं लागतं."

मग त्यांनी सासूबाईंपुढे हात केला.

"या ताई. एवढी जागा माझ्या अखत्यारीत येते."