हास्य, वेदना आणि तीन दिवसांचे टाके

"पुढचे आठ दिवस हसायचं नाही," सर्जननी बजावलं तेव्हा कुलूपवाल्यापेक्षा त्याची बायकोच जास्त घाबरली. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन तीनच दिवस झाले होते. टाके उसवले तर पुन्हा टेबलावर, शाबूत राहिले तर उद्या सकाळी घरी, असा सरळ मामला होता. पण नवऱ्याला हसू आवरत नाही हे तिला बावीस वर्षांच्या संसारात पुरतं कळून चुकलं होतं. कुणी गेल्यावर भेटायला जायचं झालं तर ती त्याला दाराजवळच बसवायची, म्हणजे वेळ आलीच तर चटकन बाहेर काढता यायचं.

अशा या माणसाने ऑपरेशनआधी नर्सने पुढे केलेल्या सात कागदांवर धडाधड सह्या ठोकल्या होत्या. त्यातला एक निघाला संशोधनाचा. दुपारी एक संशोधक बाई वही आणि पोटाला बांधायचा पट्टा घेऊन हजर. अभ्यासाचं नाव 'हास्य आणि वेदना'. त्या एक कागद वाचून दाखवणार, आणि पट्टा पोटाची हालचाल मोजणार. बायकोने नको नको म्हणून पाहिलं. बाईंनी जबरदस्ती केली नाही, फक्त केविलवाण्या सुरात सांगितलं की साठ रुग्णांपैकी हा शेवटचा, आणि दोन वर्षांची मेहनत याच्यापाशी अडलीय.

कुलूपवाल्याला दया आली. "चार विनोदच ना? ओठ दाबून ऐकतो," तो म्हणाला.

बायकोने त्याच्या पोटावर उशी दाबून धरली आणि काहीतरी दुःखाचं आठवायला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने वारलेले काका आठवले. पण काकांच्या शोकसभेत अध्यक्ष भलत्याच माणसाचा फोटो कवटाळून रडले होते, तेही सोबत आठवलं. बाईंनी तोंड उघडायच्या आधीच पट्टा टिकटिकायला लागला.

बाईंचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होता. आवाजाला चढ नाही, उतार नाही.

"नातेवाइकांनी रुग्णाच्या खाटेवर बसू नये. बसल्यास झोपू नये. झोपल्यास घोरू नये."

कुलूपवाल्याने गाल आतून चावले.

"डॉक्टर आल्यावर रुग्णाऐवजी नातेवाइकाने तपासून घेऊ नये. यापूर्वी असा प्रकार घडला असून सदर नातेवाइकाचे ऑपरेशन ऐन वेळी थांबवावे लागले."

झालं! आधी उशी हलली, मग खाट. हसलं की कळ यायची, कळ आली की तोंड वाकडं व्हायचं, आणि ते वाकडं तोंड बघून शेजारचा पित्ताशयवाला खदखदायला लागला. पलीकडचा अपेंडिक्सवाला तर कशाला हसायचं हे न विचारताच सामील झाला. बायको "अहो, टाके" म्हणून दटावत होती खरी, पण तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मध्ये थांबायला मनाई असल्यामुळे बाई आपल्या वाचतच राहिल्या.

गलका ऐकून सर्जन धावत आले. कुलूपवाल्याला आता रडू फुटायचं बाकी होतं. "डॉक्टर, गेले सगळे टाके. माझं घरी जाणं राहिलं."

सर्जननी पट्टी सोडून बारकाईने पाहिलं. एकही टाका हलला नव्हता. मग ते बाईंकडे वळले आणि इतके हसवणारे विनोद कुणी निवडले म्हणून खडसावू लागले.

बाई वहीत डोकं खुपसून म्हणाल्या, "सर, हे पेशंट विनोदाच्या गटात नाहीतच. निम्म्या लोकांना आम्ही असं काहीतरी ऐकवतो, की त्यावर हसणं शक्यच नाही."

"आणि विनोदाच्या गटाचं काय?"

"तिकडे अजून कुणी हसलेलं नाही."

सर्जननी कागद हातात घेतला. रुग्णालयाचे नियम होते, आणि खाली सही त्यांचीच होती. कुणी हसण्यावारी नेऊ नये म्हणून आठवडाभर खपून त्यांनी ते लिहिले होते. तिन्ही रुग्ण आपापलं पोट धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"सिस्टर," सर्जन शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले, "यांना उद्या नको, आत्ताच घरी सोडा. मला बाकीच्यांचे टाके सांभाळायचेत."

बायकोचा जीव भांड्यात पडला. सर्जनचा तो गंभीर चेहरा बघून पुन्हा हसू फुटायला नको म्हणून पिशवी भरण्याआधी तिने नवऱ्याला घाईघाईने भिंतीकडे वळवलं. भिंतीवर तेच नियम मोठ्या अक्षरांत लावलेले होते.