सुदाम फिटरचे पक्के दात

सुदामभाऊ फिटर माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत. बघत ते दातांकडे. मी अकोल्याहून बदलून बडनेऱ्याच्या रेल्वेच्या लोकोशेडात टाइमकीपर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी सांगितलं, "साहेब, खालचा डावा ढिला होऊन राहिला तुमचा. दोन महिने धरन." तो दीड महिन्यातच पडला.

ढिलेपणाशी त्यांचं जन्माचं वैर होतं. खिशात कायम छोटा पाना. माझ्या घरी चहाला आले की आधी खुर्ची उलटी करायची, तिचे स्क्रू आवळायचे आणि मग बसायचं. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी मांडवाच्या दोऱ्या ओढून बघत. "ढिलं काम आपल्याले जमत नाही," हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येई.

अशा माणसाचे नेमके दात जावेत! इंजिनाखाली नट आवळताना पाना सटकला तो थेट तोंडावर. समोरचे चार जागीच पडले, वरचे बाकीचे खिळखिळे झाले. सुदामभाऊंनी रक्त थुंकलं, नट पुरता आवळला आणि मगच ते दवाखान्यात गेले. तिथे वरची उरलेली रांगही काढावी लागली.

खाण्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पंचाईत झाली ती पौर्णिमेला. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोनेक वर्षं झाली होती. वस्तीतल्या गुरुजींकडून सुदामभाऊंनी सगळी बुद्धवंदना तोंडपाठ केली होती, इंजिनाखाली पडल्या पडल्या घोकून. दर पौर्णिमेला ते पुढे म्हणत आणि वस्ती मागून म्हणे. त्या वंदनेच्या पहिल्याच ओळीत 'स' ठासून भरलेला. त्या पौर्णिमेला प्रत्येक 'स'चा 'फ' झाला. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. सुदामभाऊंनी वंदना शेवटपर्यंत म्हटली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रजेचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, 'दात बसवणे'.

अमरावतीला दातांचे एक तरुण डॉक्टर होते. सुदामभाऊंच्या आग्रहावरून मीही सोबत गेलो. डॉक्टर तोंडाचा साचा घ्यायच्या तयारीला लागले, तेवढ्यात सुदामभाऊंनी रुमालाची गाठ सोडून टेबलावर एक वस्तू ठेवली. पितळेचा दात होता. वरून दातासारखा घासलेला आणि खालच्या अर्ध्या भागाला लेथवर बारीक आटे पाडलेले.

"जबड्याले भोक पाडा, आटे काढा अन् हा कसून द्या," ते म्हणाले. "असे चौदा करून देतो."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. हाड म्हणजे लोखंड नव्हे, ते जिवंत असतं, परकी वस्तू सहसा टिकू देत नाही, जागा पिकेल, ताप चढेल, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. पुढेमागे कोणी तसे दात शोधून काढीलही, पण आज तरी आपल्याकडे काढ-घाल करायची कवळीच.

"म्हंजे ढिलीच," सुदामभाऊ म्हणाले आणि नाइलाजानं त्यांनी तोंड उघडलं.

कवळी झाली. पहिल्याच दिवशी ती स्टेशनवरच्या चहात पडली. दुसऱ्या दिवशी शेडात हुकूम देताना ती हुकमाच्या आधी बाहेर आली. सुदामभाऊ सात वेळा अमरावतीला गेले. दरवेळी डॉक्टर थोडं घासून देत आणि दरवेळी हे आरशासमोर उभे राहून म्हणत, "अजून खेळते." सातव्या वेळी डॉक्टर म्हणाले की आता कवळीत दोष नाही, सवय करावी लागेल.

ते त्यांना पटलं. सवय म्हणजे मेहनत, आणि मेहनतीला ते भीत नव्हते. पहाटे ड्यूटीच्या आधी ते पाण्याच्या टाकीमागे उभे राहायचे आणि 'साखर, सांडशी, सासू, समशेर' असं एका दमात म्हणायचे. जबडा सुजला, हिरड्या सोलल्या, तरी एक दिवस खाडा नाही. तोंडात दात नसताना त्या काळात त्यांना कोणी पाहिलं नाही. शेडातल्या लोकांना वाटायचं, हा माणूस झोपतोही कवळीसकट.

तीन महिन्यांनी वैशाखी पौर्णिमा आली. मी मुद्दाम गेलो होतो. सुदामभाऊ पांढऱ्या सदऱ्यात पुढे उभे राहिले आणि वंदना सुरू झाली. एकेक 'स' असा सुटला, की जणू वाफेचा कॉक उघडला. मागची रांग गुमान पाठोपाठ म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं अभिनंदन करायला म्हणून मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडंच होतं. आत त्यांची म्हातारी आई भिंतीला टेकून जेवत होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. तोंडाचं बोळकं झालेलं. ताटात दुधात कुस्करलेली भाकरी. समोर सुदामभाऊ बसले होते, त्यांच्याही ताटात तोच काला आणि कवळी बाजूला वाटीत.

मला बघून त्यांचा हात वाटीकडे गेला, पण थांबला.

मी हळू आवाजात विचारलं, की एवढ्या खटपटीनं दात मिळवले, मग जेवताना काढून का ठेवलेत. त्यांनी आईकडे पाहिलं आणि तितक्याच हळू म्हणाले, "तिले दिसत नाही, पन ऐकू येते. म्या कांदा कडकड चावला का तिचा घास थांबते."

ते पुढे म्हणाले, "साहेब, माह्या तोंडात पयला दात बी नव्हता, तवा तिनं भाकर आपल्या दातानं चावून मले भरवली."

म्हातारीनं कोण आलंय म्हणून विचारलं. सुदामभाऊंनी सांगितलं. तिनं चाचपडत दुधाचं भांडं जवळ ओढलं, लेकाच्या ताटाचा काठ बोटांनी शोधला आणि त्यात आणखी थोडं दूध ओतलं.