भांड्यांच्या दुकानातली अमेरिका

कुकर घ्यायला आलेल्या बाईला अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या दातांची माहिती देणारा दुकानदार तुम्ही पाहिला नसेल, तर परंड्याला या. आमच्या मेडिकलला लागूनच त्यांचं दुकान आहे. पाटीवर 'स्टील, पितळ व तांब्याची भांडी' एवढंच लिहिलंय. अमेरिकेचा उल्लेख नाही, त्यामुळं गिऱ्हाईक बेसावधपणे आत जातं.

"कुकर दाखवा, अप्पा. मोठा."

"दाखवतो की. पण ताई, तेंचा तो पहिला अध्यक्ष, त्याचे दात लाकडाचे होते म्हणत्यात. साफ खोटं! कवळी हस्तिदंताची होती. अन् त्यात काही दात तर जित्या माणसांचे, गुलामांचे! हे कुणी सांगत न्हाय तुमाला."

ताईंना हे खरोखरच कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना कुकरच्या गॅरंटीबद्दलही कुणी सांगत नाही, कारण तोवर अप्पा गुलामांच्या हालअपेष्टांवर पोचलेले असतात. कुकर मात्र खपतो. दुकानातून सुटण्याचा तोच एक मार्ग असतो.

शिवलिंगअप्पा सत्तरीला टेकलेत. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा आणि कानात मोबाईलची वायर. मोबाईल लातूरच्या लेकीनं दिलेला. तिला वाटलं, बाप भजनं ऐकेल. बाप अमेरिकेतल्या थोर माणसांच्या भानगडी ऐकत बसला. ऐकलेलं लगेच पुढं ढकलायचं नाही, दोन-चार ठिकाणी ताडून पाहायचं आणि मगच सांगायचं, असा त्यांचा नेम आहे. आम्ही परंडेकर गावातल्या बातम्यांनासुद्धा एवढी कडक अट लावत नाही.

एकदा पुण्याची मंडळी किल्ला बघायला आली आणि रस्ता विचारायला नेमकी अप्पांच्याच दुकानात शिरली. अप्पा हौसेनं सोबत गेले. तोफांजवळ थांबून त्यांनी सांगितलं, की ढगातली वीज धरायला पतंग उडवणारा तो अमेरिकन शास्त्रज्ञ रोज सकाळी अंगावर एक चिंधी न ठेवता खिडकीपाशी बसायचा. त्याला तो वाऱ्याची अंघोळ म्हणायचा. मंडळींनी तोफेकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं आणि बायका-मुलांना घेऊन बुरुजाच्या पलीकडच्या बाजूला गेली.

मी म्हटलं, "अप्पा, दारात एवढा किल्ला आहे. आपल्या इतिहासातलं काही सांगा की."

त्यांनी आधी रस्त्यावर इकडंतिकडं पाहिलं. "डाक्टर," ते म्हणाले (मेडिकल चालवणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी डाक्टर), "आपल्या थोरांबद्दल एक वाकडा शब्द बोललं की कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखत्यात. दुकानाच्या काचा फुटत्यात. अमेरिकेच्या अध्यक्षाचं पाव्हणं परंड्यात न्हाय."

मी माझ्या मेडिकलच्या काचांकडं एकदा बघून घेतलं.

पण काचा वाचवणाऱ्या या माणसानं एक शोकसभा काही वाचू दिली नाही. आमच्या दूध सोसायटीचे जुने चेअरमन वारले. माणूस कामाचा, पण तोंड असं, की दूध उकळण्याआधीच नासावं. सभेत मात्र जो तो उठून त्यांच्या मृदू वाणीचं कौतुक करत होता. अप्पांनाही दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, अमेरिकेच्या एका अध्यक्षानं पोपट पाळला होता. अध्यक्ष शिवराळ, तसाच पोपट. अध्यक्ष वारले तेव्हा अंत्यविधीत पोपटानं अशा शिव्या घातल्या, की त्याला घराबाहेर काढावं लागलं.

"चेअरमनसाहेबांनी पोपट पाळला न्हाय," अप्पा हात जोडून म्हणाले, "हे आपलं नशीब."

पहिल्या रांगेतल्या तहसील कचेरीच्या साहेबांना हसू आवरेना, तोंडात रुमाल कोंबावा लागला. मागच्या रांगांजवळ तर रुमालही नव्हते. चेअरमनांचा थोरला मुलगा मात्र ताडकन उठला. "अप्पा, तुमाला काळवेळ काही हाय का न्हाय?"

अप्पा खाली बसले. त्या दिवसापासून गावात ठरूनच गेलं, की कुणाच्या घरी मयत झालं तर अप्पांना उशिरा कळवायचं. जमलं तर कळवायचंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील, गावाचे दादा, गेले. झोपेतच गेले. आईच्या दुःखात काही कमी पडू नये म्हणून सगळं गाव भेटायला आलं. प्रत्येकजण बसला की एकच विचारायचा, "कसं झालं हो?" आई पहिल्यापासून सांगायची. चहाला उठवायला गेले, हात गार लागला. पुढचा माणूस यायचा, पुन्हा तेच. काही जाणकारांनी तर छातीत कुठं दुखलं होतं का, तेव्हाच सोलापूरला का नेलं नाही, अशी चौकशीही केली. हळूहळू आईनं बोलणंच बंद केलं. जेवणही सोडलं. भिंतीला टेकून बसायची आणि कुणी विचारलं की आमच्याकडं बोट करायची.

अशात एका दुपारी अप्पा दारात उभे राहिले. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी दार अडवावं तसा पुढं झालो, पण ते चप्पल काढून आत आलेसुद्धा. आईसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. आई बोट उचलणार, तेवढ्यात म्हणाले,

"वैनी, अमेरिकेत एक अध्यक्ष होता. लई उंच, अन् त्यावर आणखी उंच टोपी."

मी डोळे मिटून घेतले.

"पत्रं, कागद, सगळं त्या टोपीत ठेवायचा. कचेरीच डोक्यावर! आपले दादा बी टोपी कधी काढायचे न्हाईत, काय होतं वो तिच्यात? मला कायम वाटायचं, काहीतरी दडवलंय."

आई त्यांच्याकडं पाहत राहिली. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"सुपारी," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "डाक्टरनं बंद केली होती ना. मला वाटायचं, सुटली. एकदा हे मामंजींच्या पाया पडायला वाकले, तर टोपी पडून सगळी सुपारी त्यांच्या पायावर!"

आणि आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. हसता हसता रडली आणि रडता रडता वडिलांच्या आणखी दोन खोड्या सांगितल्या. त्या आम्हालाही ठाऊक नव्हत्या. मग डोळे पुसून सुनेला म्हणाली, "अप्पांना चहा टाक. मलापण दे. अन् भाकरी असंल तर आण."

अप्पांना सोडायला मी ओट्यापर्यंत आलो. आभार कसे मानावेत सुचेना, म्हणून विचारलं, "अप्पा, तुम्हाला भीती नाही वाटली? आई चिडली असती तर?"

चप्पल घालता घालता ते म्हणाले, "आमची गेली तवा बी लई माणसं आली. लातूरला किती दिस होती, कोणत्या दवाखान्यात, शेवटी काय खाल्लं. सगळं इचारलं. ती माणूस कशी होती, हे कुणीच इचारलं न्हाय. म्या सांगायला बसलो होतो, डाक्टर. सगळं जुळवून बसलो होतो."

काकूंना जाऊन दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. शेजारी दुकान असून मला त्यांच्याबद्दल आठवत होती ती फक्त दुपारी डबा घेऊन येणारी एक हिरवी साडी.

"कशा होत्या हो काकू?" मी विचारलं.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. चेष्टा तर नाही ना, याची खात्री करून घेतली. मग चप्पल परत काढली आणि ओट्यावर भिंतीला पाठ टेकून नीट बसले.

"शिट्टी वाजवायची," ते म्हणाले. "भाकरी थापताना. एवढी मोठी बाई, पण पोरासारखी शिट्टी. मी घरात आलो की गप..."

आतून आईनं विचारलं, "कोण बोलतंय?" आणि तीही दाराशी येऊन बसली.